एकेचाळीस अंशांचे असत्य

१

पंप मेला होता, याविषयी दुमत नव्हते. मनगटाएवढा जाड शाफ्ट मधोमध मोडून पडला होता, बेअरिंग जळून निळेकाळे झाले होते, आणि त्यातून उडालेली पोलादाची एक गोळी खिडकीची काच फोडून नियंत्रणकक्षाच्या भिंतीत रुतून बसली होती. त्या भिंतीसमोरच्या खुर्चीवर त्या घडीला कोणी बसलेले नव्हते, ही केवळ दैवाची मेहेरबानी.

वाद होता तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या क्षणी ते बेअरिंग जळत होते, नेमक्या त्याच क्षणी संगणकाच्या नोंदीत त्याचे तापमान होते एकेचाळीस अंश.

“एकेचाळीस!” शून्याबाई म्हणाल्या. “एवढा तर माणसाला ताप येतो. आणि हे म्हणे जळणारं लोखंड!”

शून्याबाई हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. मोजमापाची उपकरणे तपासणे हा त्यांचा व्यवसाय. आणि कोणतेही उपकरण हाती आले की त्या पहिल्याने त्याला शून्य मोजायला लावीत. ज्याला ‘काही नाही’ हे ओळखता येत नाही त्याने ‘काही आहे’ असे सांगू नये, हा त्यांचा सिद्धान्त. माणसांनाही त्या तोच लावीत, म्हणून लोक त्यांना जरा बिचकून असत.

“तुम्हांला वाद घालायला बोलावलेलं नाही,” प्रयोगशाळेचे संचालक म्हणाले. “चार वाजता मी अहवालावर सही करणार. तोवर तापमान मोजणारा बोर्ड निर्दोष आहे एवढं लिहून द्या, म्हणजे झालं.”

अहवाल मेजावर तयारच होता. ‘जोडणीतील दोष’ या रकान्यात तीन ओळी होत्या: बेअरिंगचा सेन्सर नीट बसवला नव्हता, तो सुटून हवेत लोंबकळत राहिला, जबाबदारी जोडणीकाराची. जोडणीकार म्हणजे मामा. एकोणतीस वर्षे या इमारतीतली प्रत्येक तार त्यांच्या हातची होती. निवृत्तीला दोन महिने उरले होते; आणि आज चार वाजता ते बडतर्फ होणार होते.

“एक गोष्ट आधीच सांगते,” बाई म्हणाल्या. “मी एकोणिसाव्या वर्षी मामांच्या हाताखाली तार सोलायला शिकले. हे मनात ठेवूनच माझं ऐका.”

“म्हणजे मामा-भाचीचं नातं!” कोपऱ्यातून कोणी हसले. पंप बनवून चाचणीसाठी इथे पाठवणाऱ्या कारखान्याचे अभियंते तिथे बसले होते. त्यांना सारे पंपवाले म्हणत. उमदा, बोलका माणूस. बोलताना खिशातला पेनासारखा छोटा स्क्रूड्रायव्हर काढून मेजावर टकटक करण्याची त्यांना सवय होती. “मग निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको.”

“आकड्याला नातं कळत नाही, साहेब. म्हणून तर मी आकड्यांत रमते.”

बाईंनी चाचणीच्या तीन दिवसांचा आलेख पडद्यावर पसरला. पहिल्या दिवशी बेअरिंगचे तापमान हळूहळू चढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून अडतीस मिनिटांनी ते अठ्ठ्याहत्तरावर पोचले. आणि तिथून कड्यावरून दगड सुटावा तसे सरळ एकेचाळीसवर आले.

“तेव्हा मी ताजं ग्रीस भरलं होतं,” पंपवाले म्हणाले. “वहीत लिहिलंय. ग्रीस मिळालं, बेअरिंग निवलं. मागाहून सेन्सर केव्हातरी सुटला असेल.”

बाईंनी आलेख ताणला. तास मिनिटाएवढा झाला, मिनिट सेकंदाएवढे. बोर्ड दर सेकंदाला दहा नोंदी घेत होता. एका नोंदीत अठ्ठ्याहत्तर. तिच्या लगतच्या नोंदीत एकेचाळीस. मधे काही नाही.

बाईंनी त्या दोन नोंदींवर बोट ठेवले.

“संचालकसाहेब,” त्या सावकाश म्हणाल्या, “सेकंदाच्या दहाव्या हिश्शात माणसाचा रागसुद्धा उतरत नाही. दोन किलोचं लोखंड कसं निवेल? ग्रीस भरा नाहीतर बर्फात बुडवा. हे बेअरिंग थंड झालेलंच नाही. त्या क्षणापासून बोर्ड बेअरिंगकडे बघतच नव्हता.”

“मग कुणाकडे बघत होता?”

“तेच शोधायचंय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

२

पंपाच्या अंगावर आठ सेन्सर होते. त्यांच्या तारा भिंतीवरच्या पॅनलमध्ये येत आणि तेथून हाताच्या पंजाएवढ्या एका हिरव्या बोर्डात, आपापल्या चॅनलमध्ये शिरत. हा बोर्ड म्हणजे एका देहात तीन चाकर: तापमान-दाब मोजणारा, शाफ्टच्या फेऱ्या मोजणारा आणि धोका दिसताच पंपाची वीज तोडणारा. बेअरिंग पंच्याऐंशीवर गेले, तर पापणी लवायच्या आत पंप बंद करायचा, हे त्याला शिकवलेले होते. पण ज्याला एकेचाळीसच दिसत होते तो पंप बंद करील कशाला?

बाईंनी बेअरिंगच्या रेघेखाली बाकीच्या सात रेघा एकेक करून मांडल्या. कंपन. दाब. प्रवाह. मग आली पंपाच्या टाकीतल्या पाण्याची रेघ, आणि त्यांच्या हातातला माउस जागच्या जागी थबकला.

पाणी एकेचाळीस अंश. दर चाळीस मिनिटांनी टाकीत थंड पाणी येई, तेव्हा ते अडतीसवर उतरे आणि पुन्हा चढे. दुसऱ्या दिवसाच्या त्या क्षणापासून बेअरिंगही अडतीसवर उतरत होते आणि चढत होते. त्याच सेकंदाला. त्याच वळणाने. दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या तर एकच दिसे.

“जुळ्या बहिणी!” संचालक उद्गारले.

“बहिणी नव्हेत. एक आहे, आणि दुसरी तिची सावली,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. कोडे सुटू लागले की त्यांना आवाज आवरत नसे. “साहेब, स्वयंपाकघरात आठ पातेली आहेत आणि पळी एकच आहे असं समजा. बोर्डात मोजणारा एकच असतो. तो चॅनलामागून चॅनल फिरतो, प्रत्येक पातेल्यात पळी बुडवून चव सांगतो. आता एखादं पातेलं रिकामं असेल तर? पळीला आधीच्या पातेल्याचं जे लागलंय, त्याचीच चव तो सांगणार! तार सुटलेल्या चॅनलवर आधीच्या चॅनलचा आकडा उमटतो. पाण्याचा आणि बेअरिंगचा सेन्सर एकाच जातीचा, एकाच मापाचा. म्हणून सावली हुबेहूब दिसली.”

“म्हणजे बेअरिंगची तार...”

“बोर्डापासून सुटलेली होती. साडेबावीस तास.”

हे वाक्य तोंडातून गेले आणि मगच त्याचा अर्थ बाईंच्या ध्यानात आला. पंपवाल्यांच्या तो आधीच आला होता.

“तार सुटली होती!” मेजावर टकटक करीत ते म्हणाले. “सेन्सर नाही तर तार. ठीक आहे, माझा अंदाज चुकला. पण तार बसवली कुणी? मामांनीच ना? बाई, तुम्ही तर आमच्यापेक्षा पक्का पुरावा दिलात!”

संचालकांनी पेन उचलले आणि अहवालातला ‘सेन्सर’ हा शब्द खोडून ‘तार’ लिहिले.

३

मामा मागच्या खोलीत तारांची भेंडोळी गुंडाळीत बसले होते. ज्याला चार वाजता हाकलणार आहेत, त्याने साडेबाराला भेंडोळी कशाला गुंडाळावीत? पण हातांना सवय असते.

“या, बाईसाहेब,” ते म्हणाले. “सुटाबुटाचे लोक तुला बाई म्हणतात, मग मीही म्हणतो.”

“मामा, चेष्टा नको. मला तुमच्याशी शून्यापासून सुरुवात करावी लागेल. नातं बाहेर ठेवून.”

“मीच शिकवलंय ते. विचार.”

“बेअरिंगची तार सुटली होती. दुसऱ्या दिवशी, अकरा अडतीसला.”

मामांचा हात थांबला. ते रागावले नाहीत, चक्क हसले.

“कसं शक्य आहे? सुटली असती तर पंप तिथल्या तिथे बंद पडला असता की.”

“का?”

“का म्हणून तू विचारतेस?” आता मात्र ते रागावले. “अगं पोरी, सोळा चॅनलचा बोर्ड, आठ सेन्सर. उरलेल्या आठांचं मी काय करतो? दर दोन सेन्सरांच्या मधे एक चॅनल मोकळा ठेवून तो जमिनीला जोडतो. शून्य! एक सेन्सर, एक शून्य. एक सेन्सर, एक शून्य. तार सुटली, तर मोजणाऱ्याला आधीचं शून्य दिसतं. आणि पाचाच्या खाली गेलं की बोर्ड पंप बंद करतो. एकोणतीस वर्षं लोक हसतात, मामा निम्मा बोर्ड फुकट घालवतो म्हणून.”

बाईंच्या डोळ्यांसमोर लखकन वीज चमकली. पळी! दोन पातेल्यांच्या मधे मामा पळी विसळीत होते! विसळलेल्या पळीला आधीची चव कशी लागेल? मामांच्या जोडणीत तार सुटली असती, तर नोंद झाली असती शून्याची. एकेचाळिसाची होऊच शकत नव्हती.

त्या धावतच पॅनलपाशी गेल्या, मामा मागोमाग. दार उघडले. मामांची आठही शून्ये आपापल्या जागी, काळ्या तारेने जमिनीला घट्ट बांधलेली. स्क्रूही सारे घट्ट, बेअरिंगचासुद्धा. म्हणजे सुटलेली तार कोणीतरी मागाहून पुन्हा बसवली होती. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून खालच्या ठोकळ्यापर्यंत एक रंगीत ठिपका होता, अंजिरी, चमचमता.

“हे काय, मामा? आधी लाल असायचा.”

“तुझ्या मामीची बाटली संपली. ही नातीची नेलपॉलिश. स्क्रू नटूनथटून बसलेत म्हणून सगळे हसतात, हसू दे. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका मोडतो.”

बाई डोळ्याला भिंग लावून वाकल्या. इतर स्क्रूंचे ठिपके अखंड होते. बेअरिंगच्या स्क्रूवरचा तडकला होता. अर्धा ठोकळ्यावर, अर्धा डोक्यावर, आणि दोन्ही अर्ध्यांचे तोंड दोन दिशांना. डोक्याच्या खाचेतला रंग खरवडून गेलेला.

“हा तुम्ही फिरवलात?”

“फिरवला असता तर नवा ठिपका दिला असता.”

ते खरे होते. पण आरोपीच्या सवयीला साक्षीदार कोण? बाईंनी संगणकावर बोर्डाची वाचनयादी उघडली. कोणत्या क्रमाने कोणते चॅनल वाचायचे, त्याची यादी. सोळा नावे असायला हवी होती.

होती फक्त आठ. पॅनलात शून्ये जागच्या जागी असताना यादीतून एकूणएक गाळलेली होती.

४

यादी बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे होता. प्रोग्रामर मुलगी नोकरीला लागून सहा महिने झाले होते; तिच्यासमोरचा चहा साय धरून बसला होता.

“मी काढली,” बाईंनी विचारण्याआधीच ती म्हणाली. “रिकामे चॅनल वाटले मला. सोळाऐवजी आठ वाचले की नोंद दुप्पट वेगानं होते. मामांना विचारायला हवं होतं. पण ते मला ‘कळफलकवाली’ म्हणतात, म्हणून मीही विचारलं नाही.”

“अपघातानंतर बोलली का नाहीस?”

“नोकरी जाईल म्हणून.” तिने नाक पुसले. “मामांची जाईल हे माहीत असूनही. तुम्ही काय म्हणाल ते खरंय.”

“मी अजून काही म्हटलेलं नाही. वेग वाढवायचं तुला सुचलं?”

“नाही, ग्राहकाची सूचना होती. चाचणीच्या चार दिवस आधी निरोप आला.” तिने फोन पुढे केला.

बाईंनी तो दोनदा वाचला. ‘वेग हवा आहे, रिकामे चॅनल काढून टाका. क्रम असा ठेवा: दाब, प्रवाह, कंपन, पाण्याचे तापमान, आणि लगेच त्यानंतर बेअरिंगचे.’ खाली पंपवाल्यांचे नाव.

“पूर्वी यादीत बेअरिंगच्या आधी कोण होतं?”

“शून्य. आणि त्याच्या आधी कंपन.”

बाई ताडकन उठल्या. कंपनाचा आकडा सतत थरथरणारा. त्याची सावली बेअरिंगवर पडली असती तर आंधळ्यालाही दिसली असती. पाणी मात्र सोज्वळ! वेगाला क्रमाची गरज नसते. गरज असते ती कटाला.

पंपवाले व्हरांड्यात येरझारा घालीत होते.

“साहेब, एक शंका,” बाईंनी साळसूदपणे विचारले. “या बोर्डाविषयी तुम्हांला कितपत माहिती आहे?”

“ओ की ठो कळत नाही, बाई. मी पडलो पाण्याचा माणूस.”

“पॅनल कधी उघडून पाहिलंत?”

“त्या पेटीला माझा हातसुद्धा लागलेला नाही. कुणालाही विचारा.”

“आणि तो क्रम?”

“पाणी आणि बेअरिंग शेजारी असले की वाचायला बरं पडतं. एवढंच.”

उत्तर बिनतोड होते. निरोप होता, पण त्याला सबब होती. स्क्रू फिरला होता, पण कोणी फिरवला ते सांगायला ठिपक्याला तोंड नव्हते. पंपवाले पुन्हा टकटक करू लागले. या खेपेला कठड्यावर.

बाई त्या टकटकीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले. साडेतीनला पाच कमी होते.

५

“हा काय पोरखेळ?” संचालकांनी विचारले.

मेजावर पाणी तापवायची किटली आणि एक मोठा पेला होता. पेल्यात गरम पाणी, पाण्यात एक सेन्सर. तसाच दुसरा सेन्सर मामांच्या मुठीत. दोन्हींच्या तारा पॅनलात गेलेल्या. पडद्यावर दोन आकडे: पाणी बासष्ट, बेअरिंग चौतीस.

“बेअरिंगच्या जागी मामांची मूठ,” बाई म्हणाल्या. “यादी चाचणीच्या दिवशी होती तीच आहे. आता मी मुठीची तार काढणार. आकडा काय होईल?”

“शून्य,” मामा ठामपणे म्हणाले.

“काहीतरी भलतंसलतं येईल,” प्रोग्रामर पुटपुटली.

“चौतीसच राहील, दुसरं काय!” संचालक म्हणाले.

पंपवाल्यांनी खांदे उडवले. “मला काय ठाऊक?”

“अरेच्चा,” पॅनलपाशी वाकून बाई म्हणाल्या, “माझा स्क्रूड्रायव्हर जाडा निघाला, खाचेत जात नाही. कुणाकडे बारीक आहे?”

मग संचालक मोकळेपणाने म्हणाले, “अहो साहेब, तुमच्या खिशात आहे की! सकाळपासून त्यानं डोकं उठवलंत आमचं.”

पंपवाल्यांचा हात खिशाकडे गेला, थबकला, आणि नाइलाजाने बाहेर आला. बाईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पण तो वापरला नाही, रुमालावर ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी आपल्या पेटीतला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

“होता की तुमच्याकडे!” संचालक चक्रावले.

“होता. सगळ्यांनी आकड्याकडे बघा.”

त्यांनी स्क्रू सैल केला, तार ओढली. मामांची मूठ एका झटक्यात बासष्टवर गेली!

“आई गं!” प्रोग्रामर ओरडली. मामांनी स्वतःच्या मुठीकडे अविश्वासाने पाहिले. बाईंनी पेल्यात थंड पाणी ओतले. पाणी एक्कावन्न, मूठ एक्कावन्न. आणखी ओतले. त्रेचाळीस, त्रेचाळीस.

“माझी मूठ हिच्या हातची बाहुली झाली,” मामा म्हणाले.

“पंपाचं बेअरिंग असंच झालं होतं, मामा. आता ऐका. मी तार ओढायच्या आधी तुम्ही तिघांनी बेअरिंगच्या आकड्याकडे पाहिलंत. एकानं मात्र पाण्याच्या आकड्याकडे पाहिलं. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला सावली कुठून पडणार हे आधीच कसं कळलं?”

“नजर कुठेही जाते,” पंपवाले म्हणाले. पण आता टकटक करायला हातात काही नव्हते. “याला पुरावा म्हणत नाहीत.”

“अगदी बरोबर. म्हणून हा मागून घेतला.” बाईंनी रुमाल उजेडात धरला आणि भिंग संचालकांच्या हाती दिले. “टोकाच्या कडेला काय दिसतं?”

संचालक बराच वेळ वाकून राहिले.

“जांभळट... चमचमतं काहीतरी.”

“अंजिरी,” मामा म्हणाले. “माझ्या नातीच्या बाटलीतलं आहे ते. या इमारतीत ते स्क्रूंखेरीज कुठेच लागलेलं नाही.”

“ज्या पेटीला हातसुद्धा लागला नाही,” बाई म्हणाल्या, “त्या पेटीतला रंग तुमच्या खिशात कसा आला, साहेब?”

६

पंपवाले खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळले.

“आमच्याकडेही असाच बोर्ड आहे,” ते म्हणाले. “एकदा तार सुटली, आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही. तेव्हा समजलं. बेअरिंग आमच्या कारखान्यातही तापत होतं. म्हणून तार काढली; वाटलं, चाचणीचे बहात्तर तास कसेबसे निघतील. मोडल्यावर सगळे पंपाकडे धावले, तेव्हा मी नोंद थांबवली आणि तार परत बसवली.”

“हा आग विझवायचा पंप आहे,” संचालक म्हणाले. “असे तीस पंप एका इस्पितळात बसणार होते. जोडणीचा दोष लिहिला असता, तर तुमचा पंप सुटला असता!”

“आणि मामा अडकले असते,” बाई म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच तार परत बसवली. सुटलेली सापडली असती, तर कुणीतरी विचारलं असतं की शून्य का नाही दिसलं.”

संचालक पंपवाल्यांना आपल्या खोलीत घेऊन गेले. घड्याळात चारला दहा कमी होते.

प्रोग्रामर मामांसमोर उभी होती. “मामा, मी...”

“कळफलकवाली म्हणणं सोडतो,” मामा म्हणाले. “तू शून्यं परत घाल. सोळाच्या सोळा. नंतर मी तुला तार सोलायला शिकवीन, आणि तू मला ती यादी कुठे दडलेली असते ते दाखव. एकोणतीस वर्षं मी पॅनलात बघत राहिलो. यादीत कधी डोकावलो नाही. ती चूक माझीच.”

बोटे भराभर चालली. पडद्यावर सोळा आकडे उभे राहिले: एक सेन्सर, एक शून्य; एक सेन्सर, एक शून्य. मामांनी स्वतः तार ओढून पाहिली. मुठीचा आकडा धाडकन शून्यावर आला आणि बोर्डाने खटकन वीज तोडली. तो खटका ऐकून म्हातारा लहान मुलासारखा हसला. मग त्यांनी स्क्रू घट्ट केला, खिशातून इवलीशी बाटली काढली, आणि जीभ दातांत धरून त्यावर नवा ठिपका दिला.

“एक विचारू?” ते म्हणाले. “सकाळी तुझा पुरावा माझ्यावरच उलटला. तेव्हा तू काय केलं असतंस?”

“लिहिलं असतं, मामा.”

“माझ्याविरुद्ध?”

“तुमच्याविरुद्ध. आणि मग घरी जाऊन रडले असते.”

मामांनी मान डोलावली. “बरं शिकवलंय मी,” ते म्हणाले, आणि बाटलीचे झाकण लावण्यात जरुरीपेक्षा अधिक वेळ घालवला.

संचालक परत आले. त्यांनी अहवाल आणि पेन बाईंच्या पुढ्यात ठेवले. बाईंनी ‘जोडणीतील दोष’ या रकान्यातल्या तिन्ही ओळी खोडल्या, त्यांच्याखाली एक वाटोळे, भरदार शून्य काढले, आणि कागद फिरवून पहिल्याने मामांना दाखवला.